कोर्लईला पहिला गट नेताना

ट्रेक लीडर म्हणून मी एकट्याने नेलेला पहिला गट कोर्लई किल्ल्याचा. अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेली ही चिंचोळी टेकडी. दीपगृहाजवळून वीसेक मिनिटांत माणूस वर पोचतो, म्हणून मी निर्धास्त होतो. पायथ्यालाच सुरू झालो: चौलचं बंदर, निजामशाही, १५९४, १७४०... चाळीस मिनिटं! वर गेलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं, सावलीचा पत्ता नाही, आणि एक काका घाम पुसत म्हणाले, "हे सगळं नेमकं कुठं झालं म्हणालात?"

तेव्हापासून पायथ्याशी मी फक्त पाण्याबद्दल बोलतो. माणशी दोन लिटर, सकाळी आठच्या आत चढायला सुरुवात. बाकीचं वर.

तटावर उभं राहिलं की खाडीपलीकडे रेवदंड्याचा कोट दिसतो. तो पोर्तुगीजांचा. समोरची ही टेकडी निजामशाहीच्या हातात राहिली तर इथल्या तोफांपुढे तो कोट आणि खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज उघडं पडणार. बोट दाखवून एवढं सांगितलं की १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा गड का घेतला, ते शाळकरी पोरालाही कळतं. सन मागाहून सांगा.

छप्पर उडालेल्या चर्चपाशी मात्र मी मुद्दाम रेंगाळतो. १७४० मध्ये पोर्तुगीज हा मुलूख सोडून गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली खालच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! हे वरच सांगून टाका. गावात शिरल्यावर "जरा बोलून दाखवा ना" म्हणत कुणाच्या दारात गट उभा करू नका. माझ्या एका गटाने ते केलं होतं, अजून लाज वाटते.

पक्ष्यांचं वचन कधी देऊ नये. समुद्रगरुड दिसला तर दिसला, घारी असतातच. खडकांवरची कालवं आणि खेकडे दाखवायचे तर ओहोटी साधावी लागते, आणि तिचं गणित मला गावातल्या एका कोळी मावशींनी शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, एकादशीला सव्वाआठला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

मी खात्रीसाठी मोबाइलवरचं वेळापत्रक उघडलं. वीस मिनिटांचा फरक निघाला. मावशी टोपली उचलता उचलता म्हणाल्या, "तुजा फोन मागं पडला आसंल."