डोंगर, रान आणि खेड्यांतून पायी जाताना वाटेची आखणी

पायी भटकंतीची आखणी करताना बहुतेक जण आधी अंतर पाहतात आणि तिथेच चुकतात, कारण सपाटीवरचे 12 किलोमीटर आणि चढउतारांचे 12 किलोमीटर यांना लागणारा वेळ अगदी वेगळा असतो. म्हणून वाट तासांत मोजावी. त्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी आहे: दर 5 किलोमीटरला 1 तास धरावा आणि दर 600 मीटर चढाईसाठी आणखी 1 तास, म्हणजे 10 मीटर चढाला 1 मिनिट, मिळवावा. या हिशेबाने 12 किलोमीटर अंतर आणि 450 मीटर चढाई असलेल्या वाटेला सुमारे 3 तास 10 मिनिटे लागतात. यात विसावा, जेवण किंवा एखाद्या झाडाखाली रेंगाळणे धरलेले नाही. म्हणून आलेल्या आकड्यात मी नेहमी निम्मा वेळ आणखी घालतो, कारण ज्यासाठी बाहेर पडायचे ते पाहण्यालाच वेळ उरला नाही, तर चालण्याचा आनंद हरवतो.

चढाई किती आहे, हे नकाशावरील समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून, कळते. रेषा जितक्या जवळ, तितका उतार तीव्र. त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळल्या असतील आणि टोक उंच बाजूकडे असेल तर ती घळ असते, सखल बाजूकडे असेल तर डोंगराची सोंड. सोंडेवरची वाट सहसा मोकळी असते आणि तेथून आजूबाजूचा प्रदेश दिसत राहतो, तर घळीत पाऊस पडताच पाणी वेगाने उतरू शकते. नवख्याने म्हणूनच चढण्यासाठी सोंड निवडावी. 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर 4 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर, आणि पायी चालणाऱ्याला एवढा तपशील पुरेसा होतो.

रानात शिरल्यावर मात्र दूरच्या खुणा नाहीशा होतात आणि दाट झाडोऱ्याखाली मोबाइलवरील स्थानही फसवे ठरू शकते. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहावे, कारण परतताना तीच वाट वेगळी दिसते. मावळतीच्या किमान तासभर आधी रानाबाहेर पडता येईल, अशी वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. उंचीबरोबर तापमान दर 1,000 मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, तेव्हा माथ्यासाठी एक जादा कपडा आणि वाऱ्यापासून वाचवणारे जाकीट जवळ असू द्यावे.

खेड्यात वाट विचारताना ‘ही वाट अमुक ठिकाणी जाते ना?’ असे कधीही विचारू नये; समोरचा माणूस सौजन्याने होकार देण्याची शक्यता असते. ‘तिकडे जायला कोणती वाट धरावी, आणि सध्या ती मोकळी आहे का?’ असे विचारल्यास कोसळलेला साकव, नुकतेच घातलेले कुंपण किंवा पाणी वाढलेला ओढा यांची माहितीही मिळते. पिकातून जाणे टाळून शेताच्या कडेने एकामागे एक चालावे आणि फाटक जसे आढळले तसेच, उघडे किंवा बंद, ठेवावे, कारण उघडे ठेवलेले फाटक गुरांना पाण्यापर्यंत नेणारे असू शकते. गाय आणि वासरू यांच्या मधून तर मुळीच जाऊ नये. लांबचा वळसा घ्यावा, आणि त्याचीही मिनिटे त्या जादा धरलेल्या वेळात बसतात.