द्राक्षमळ्याचा दाखला घेऊन मननाला कसं बसावं

आमच्या भगिनी मंडळात कृपा, विश्वास, समर्पण हे शब्द प्रार्थनेत इतके येतात की पार बोथट झालेत. म्हणून मननाला नव्याने बसणाऱ्या बायकांना मी या विषयांवरची वचनं शोधत बसू देत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय, वचन १ ते १६, एवढंच उघडायला सांगते. तिथे प्रभू येशू एका द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगतो: तो पहाटेपासून संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या वेळी मजूर लावतो आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, म्हणून पहाटेचे कुरकुरतात. तिन्ही तिथे आहेत, आणि निफाडकडच्या बाईला द्राक्षमळा समजावून सांगावा लागत नाही.

वाचायला मात्र थोडं मागून घ्या, १९:२७ पासून. तिथे येशूचा शिष्य पेत्र सरळ विचारतो: आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नावर प्रभू बोलतो आणि त्या ओघात हा दाखला येतो. पुढेही २० व्या अध्यायाच्या २८ व्या वचनापर्यंत जा. जब्दीच्या मुलांची, म्हणजे दोघा शिष्यांची, आई येते आणि राज्यात आपल्या पोरांसाठी उजवी-डावीकडची जागा मागते. म्हणजे दाखला सांगून झाला तरी हिशेब कुणाचा सुटलेला नाही. तुमचाही एका बैठकीत सुटेल अशी घाई नको.

मोठ्याने वाचा. मंडळात असाल तर एकीने वाचावं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकावं. मग जिला वाचता येत नाही तिला आधी विचारा, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. शिकलेल्या बायका लगेच अर्थ सांगायला धावतात. त्यांना थोडं थांबवा. पंडिता रमाबाई आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू-ग्रीक घेऊन बसल्या, ते साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, पण केडगावचं ते काम पुरं करूनच. आपल्याला तर फक्त साध्या बाईचं ऐकून घ्यायचं आहे.

आता मुख्य गोष्ट. ‘यातून काय शिकलो?’ हा प्रश्न लगेच नको. त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. त्याऐवजी विचारा, कुठे खटकलं? आमच्याकडे विरळणीला रोजाने जाणारी एक ताई पटकन म्हणाली, “त्या मालकाने शेवटच्यांना आधी पैसे दिले म्हणून भांडण झालं. पहिल्यांना देऊन वाटेला लावलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.” अगदी बरोबर. आठवं वचन पुन्हा पाहा: शेवटल्यांपासून सुरुवात कर, असं मालक कारभाऱ्याला मुद्दाम सांगतो. पहिल्यांनी ते बघावं अशीच त्याची इच्छा आहे. कृपा गुपचूप वाटून मोकळं होता आलं असतं. तो ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाटतो. या एका जागी आम्ही बराच वेळ थांबलो. तुम्हीही थांबा. जिथे राग येतो तिथून पुढे पळायचं नाही.

मग एकेक करून तिघांच्या जागी उभं राहायचं.

आधी अकराव्या तासाला आलेला मजूर, म्हणजे संध्याकाळी पाचचा. ‘आम्हाला कोणी कामावर लावलं नाही,’ एवढंच तो बोलतो. दिवसभर नाक्यावर उभा राहून रिकाम्या हाताने घरी जायची वेळ आलेला माणूस. त्याच्या हातात पूर्ण दिवसाचा दिनार पडतो. इथे स्वतःला विचारा, न कमावता मला काय मिळालं? एकच गोष्ट सांगा, नावानिशी. ‘सगळंच’ हे उत्तर धरायचं नाही.

मग नऊ वाजताचे. पहाटेच्यांशी मजुरी ठरली होती. यांना नुसतं ‘योग्य ते देईन’ म्हटलं, आणि हे गेले. आकडा न ठरवता कामाला जाणं काय असतं ते आमच्या बायकांना चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे विश्वास म्हणजे काय यावर मला प्रवचन करावं लागलं नाही.

शेवटी पहाटेचा मजूर. बहुतेक जुन्या मंडळीकरांची खरी जागा हीच, माझीसुद्धा. ‘आपलं ते घे आणि जा,’ असं मालक म्हणतो. इतरांना काय मिळालं याची वही त्याच्या हाती देऊन टाकायची. समर्पणाचं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटतं. जमीनजुमला देणं त्या मानाने सोपं.

इथपर्यंत आलात की वहीत एक ओळ लिहा आणि गुडघे टेका. प्रार्थनेआधी मत्तय २६:३६-४६ एकदा वाचून घ्या. अटक होण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू आधी मागतो, हा प्याला टळून जावो, आणि मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणतो. तीनदा जाऊन प्रार्थना करतो. तेव्हा मनात आहे ते आधी स्पष्ट मागा. न मागता ‘तुझी इच्छा’ म्हणणं बहुधा नुसतं थकलेपण असतं.

एक बजावून ठेवते. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘समर्पण कर, सोस’ असं या वचनांवरून कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तिला आधी सुरक्षित जागी न्या. औषधं बंद करून विश्वास दाखवायचा नसतो. आणि हा दाखला दाखवून कुणी मजुराची मजुरी कापू पाहील तर त्याला सांगा, यातल्या मालकाने ठरलेल्यात एक पैसा कमी दिलेला नाही.

मंडळात एखादी गप्प बसली तर बसू द्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागे आल्या नाहीत, मध्ये काही वर्षं गेली. आपल्या वाटेने, आपल्या वेळेला आल्या. शेजारणीला कोपराने ढोसून ‘तूही साक्ष दे’ म्हणायची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडा.

पुढच्या बैठकीला लूक १५, म्हणजे उधळ्या मुलाचा दाखला घ्या. धाकट्या मुलाचा भाग सगळ्यांना येतो, तरी तो वाचाच, पण वेळ राखून ठेवा २५ व्या वचनापासून पुढे, परतलेल्या भावाचं स्वागत बघून रुसलेल्या थोरल्यासाठी. पहाटेच्या मजुराजवळ जो बसून आला असेल त्याला हा थोरला लगेच ओळखू येईल.