एसजेटी तयार करताना या चुका टाळा: घोळ बहुतेकदा उत्तरसूचीत असतो

सिच्युएशनल जजमेंट टेस्टमध्ये (एसजेटी) उमेदवारासमोर कामावरचा एक प्रसंग ठेवतात, चार-पाच पर्याय देतात आणि त्यातला योग्य कोणता ते विचारतात. सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीतही 30 मिनिटांत 60 प्रसंगांवर प्रतिक्रिया लिहाव्या लागतात, पण तिथे पर्याय नसतात आणि उत्तरं मानसशास्त्रज्ञ वाचतात. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या भरतीत हजारो उत्तरं संगणक तपासतो. त्यामुळे सगळा भार पर्यायांवर आणि उत्तरसूचीवर पडतो, आणि चाचणी फसते तीही तिथेच.

ऑफिसात बसून प्रसंग रचणं

‘एक चिडलेला ग्राहक आला आहे’ एवढंच लिहिलं, तर ‘शांतपणे ऐकून घेईन’ हे उत्तर शाळकरी मुलगाही देईल. जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेली ‘क्रिटिकल इन्सिडेंट’ पद्धत यावर आजही सर्वांत खात्रीची आहे. त्याच कामातल्या दहा-बारा अनुभवी माणसांना एकेकटं भेटा आणि विचारा: नेमकं काय घडलं, समोरच्या कर्मचाऱ्याने काय केलं, त्यातून पुढे काय झालं. ‘या कामाला कोणते गुण लागतात?’ हे मात्र विचारू नका. ‘प्रामाणिकपणा, संयम’ यापलीकडे हाती काही लागत नाही.

असा मिळालेला प्रसंग कसा दिसतो? सत्तरीच्या बाई सहा लाखांची एफडी मोडायला काउंटरवर आल्या आहेत. पैसे आजच्या आज एका अनोळखी खात्यावर आरटीजीएस करायचे आहेत. कानाला लावलेला फोन त्या ठेवत नाहीत. कारण विचारलं तर ‘घरचं काम आहे’ एवढंच म्हणतात. मागे आठ जणांची रांग आहे.

एक पर्याय देवमाणसाचा, बाकीचे मूर्खाचे

वरच्या प्रसंगाला ‘बाईंना हाकलून देईन’ हा पर्याय कुणीच निवडणार नाही. तो नुसती जागा अडवतो. ‘साहेबांना कळवेन’ प्रत्येक प्रश्नात बरोबर ठेवलं, तर तिसऱ्या प्रश्नापर्यंत उमेदवाराला मेख कळते. पर्याय स्वतः रचू नका. प्रसंग पर्यायांशिवाय 15-20 नवख्या कर्मचाऱ्यांना द्या आणि त्यांच्याच उत्तरांतून पर्याय उचला. ते लिहितील: ‘फॉर्म बरोबर आहे, पैसा त्यांचा आहे, व्यवहार करून टाकेन’; ‘सर्व्हर डाऊन आहे म्हणून उद्या बोलावेन’; ‘त्यांच्या मुलाला फोन लावेन’; ‘त्यांना शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये नेऊन बसवेन’. चारही उत्तरांत काही ना काही तथ्य आहे. दुसऱ्यात हेतू चांगला असूनही कर्मचारी खोटं बोलतो, तिसऱ्यात मदतीच्या नादात ग्राहकाची खासगी माहिती बाहेर जाते. असे पर्यायच माणसामाणसांतला फरक दाखवतात.

एका पर्यायात एकच कृती ठेवा. ‘केबिनमध्ये नेईन आणि मुलाला कळवेन’ हा पर्याय अर्धा बरोबर, अर्धा चूक. त्याला गुण द्यायचे कशाचे? शिवाय बरोबर पर्याय नेहमी सर्वांत लांबलचक नसेल, हेही पाहा.

‘तुम्ही काय कराल?’ की ‘काय करणं योग्य?’

दोन्हींचा हेतू वेगळा आहे. पहिल्यातून स्वभाव अधिक कळतो, पण नोकरी हवी असलेला माणूस सोयीचं उत्तर देतो. दुसऱ्यातून जाण तपासली जाते आणि बनावाला वाव कमी राहतो. भरतीसाठी आम्ही ‘काय करणं योग्य?’ हाच प्रश्न सुचवू. एकाच चाचणीत दोन्ही मिसळू नका.

उत्तरसूची एका माणसाची, किंवा एका बैठकीची

सर्वांत महागात पडणारी चूक ही. सगळ्या तज्ज्ञांना एका खोलीत बसवलं की मोठे साहेब बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. त्याला एकमत म्हणत नाहीत. वेगवेगळ्या शाखांतल्या किमान दहा जाणकारांकडून प्रत्येक पर्यायाला 1 ते 5 गुण स्वतंत्रपणे घ्या. एखाद्या पर्यायावर प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते माप, 1 च्या वर गेलं, तर तो थांबवा. मतं फाटण्याचं कारण बहुधा प्रसंगातच असतं: कुणी धरून चालतं की शाखाधिकारी जागेवर आहेत, कुणी उलट. ते स्पष्ट करणारं वाक्य प्रसंगात घाला आणि पुन्हा गुण मागवा. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पर्यायांच्या सरासरीत साधारण 1 गुणाचं अंतर नसेल, तर ‘सर्वांत योग्य निवडा’ असं विचारू नका. क्रम लावायला सांगा आणि जवळच्या क्रमालाही काही गुण द्या.

प्रत्येक पर्यायाला उमेदवाराने 1 ते 5 गुण द्यायचे असतील, तर एक पळवाट लक्षात घ्या: सगळीकडे 3 लिहिणारा तज्ज्ञांच्या सरासरीपासून फारसा लांब जात नाही. गुण मोजण्याआधी प्रत्येक उमेदवाराची सरासरी आणि विचलन समान पातळीवर आणा.

अल्फा कमी आला म्हणून प्रश्न कापणं

क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 0.5-0.6 आला की घबराट होते आणि प्रश्न धडाधड गाळले जातात. एकेका प्रसंगात संयम, नियमांची जाण, माणुसकी असं बरंच काही एकत्र तपासलं जातं, म्हणून एसजेटीत अल्फा कमी येणं स्वाभाविक आहे. त्यासाठी प्रश्न गाळत गेलात, तर शेवटी एकाच छापाचे प्रश्न उरतील. विश्वासार्हता, म्हणजे गुण किती स्थिर राहतात ते, पाहायला त्याच गटाची चाचणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या, किंवा समांतर संच तयार करून दोन्हींचा सहसंबंध काढा. एखाद्या प्रश्नाचा एकूण गुणांशी संबंध उणे आला, तर आधी उत्तरसूची तपासा. लागणाऱ्या प्रश्नांच्या दुप्पट लिहा आणि किमान दीड-दोनशे जणांवर चाचपणी करा.

कटऑफ लावताना मापनातली चूक मोजा. गुणांचं विचलन 8 आणि विश्वासार्हता 0.75 असेल, तर प्रमाण त्रुटी, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या गुणांपासून साधारण किती हलू शकतात ते, 4 गुणांची येते. अशा चाचणीत 61 वाल्याला नापास आणि 62 वाल्याला पास ठरवायला काही आधार नाही. कटऑफच्या आसपासच्या त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना मुलाखतीला बोलवा.

बँकेचे नियम बदलले की उत्तरसूचीही बदलते, तेव्हा प्रत्येक भरतीआधी ती जाणकारांकडून पुन्हा तपासून घ्या. मराठी संच इंग्रजीवरून शब्दशः उतरवू नका. प्रसंग साठ-सत्तर शब्दांत बसवा, नाहीतर मोजला जाईल तो वाचनाचा वेग.