तात्पर्य थोडं थांबू द्या: गोष्टीतली गंमत मुलांना कशी शिकवावी

मराठीच्या तासाला गोष्ट संपली रे संपली की आपण विचारतो, ‘यातून काय बोध मिळाला?’ मुलंही यात तरबेज झालेली असतात. ‘नेहमी खरे बोलावे’, ‘आळस करू नये’ यांपैकी काहीतरी फळ्यावर येतं आणि पुस्तक मिटतं. लेखकानं ती गोष्ट वाचणाऱ्याला रमवायला लिहिली, त्यासाठी चार युक्त्या लढवल्या, हे राहूनच जातं. मी सहावीला मराठी शिकवते. हा भाग चालू असेपर्यंत माझ्या वर्गात तात्पर्य विचारायला मलाही बंदी असते.

सुरुवात नव्या पाठानं करू नका. मुलांना तोंडपाठ असलेली गोष्ट घ्या, म्हणजे ‘पुढं काय झालं’ यात जीव अडकत नाही आणि ‘हे केलं कसं’ याकडे बघता येतं. मी भोपळ्यातली म्हातारी घेते. पोरं आधी नाकं मुरडतात, ‘बाई, ही तर बालवाडीतली!’ मुरडू देत.

गोष्ट दोनदा सांगा. पहिल्यांदा नेहमीसारखी. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो, ती त्याला म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग खा. परतताना ती भोपळ्यात बसते आणि वाघानं हटकलं की आतून आवाज येतो, ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. दुसऱ्यांदा सांगताना एकच वाक्य गाळा: म्हातारी भोपळ्यात बसली, हे सांगूच नका. जंगलातून नुसता एक भोपळा उड्या मारत येतो, वाघाशी बोलतो आणि निघून जातो. घरी पोचल्यावर त्यातून म्हातारी बाहेर येते.

आता विचारा, कुठली जास्त आवडली? वर्ग हमखास फुटतो. पहिलीवाले म्हणतात, आपल्याला माहीत आणि वाघाला नाही, म्हणून हसू येतं, आणि ती सापडेल की काय म्हणून धाकधूकही होते. दुसरीवाल्यांना शेवटचा धक्का आवडलेला असतो. कुणालाही चूक म्हणू नका. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘कुणाला काय, कधी कळतं?’ माझ्या मते गोष्टीतली निम्मी गंमत या एका प्रश्नात असते. लेखक ठरवतो की वाचकाला पात्राच्या आधी सांगायचं, बरोबर सांगायचं की नंतर. धक्का एकदाच लागतो. पण म्हातारी आत आहे हे ठाऊक असलेली गोष्ट मूल रोज रात्री पुन्हा मागतं. हा फरक मुलांकडूनच काढून घ्या.

दुसरी युक्ती लांबणीची. त्यासाठी काऊ-चिऊ. एकाला वर्गाच्या दाराबाहेर उभं करा, त्यानं कडी वाजवायची. आतली चिऊ म्हणणार, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, तीट लावते. पुढची कारणं वर्गानं पुरवायची. आमच्याकडे एकदा चिऊनं बाळाचं आधार कार्ड काढायचं कारण दिलं, तेव्हा कावळासुद्धा दारातच हसत बसला. कारणं वाढत गेली की एका टप्प्यावर हसू विरतं. तिथंच थांबवा आणि विचारा, कंटाळा कुठल्या कारणापासून आला? लांबवायचं किती, हे ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं. लिहिताना ते तोंड मनात धरावं लागतं.

मग वाक्याकडे वळा. फळ्यावर दोन वाक्यं लिहा: ‘गणपा उलटा सदरा घालून लग्नाला आला.’ ‘गणपा लग्नाला नवा कोरा सदरा घालून आला, उलटा.’ हसू दुसऱ्याला येतं, कारण गमतीचा शब्द शेवटी राखलाय. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं. मिरासदारांचं ध्वनिमुद्रण मिळालं तर वर्गात ऐकवा आणि काम एकच द्या: हशा कुठल्या शब्दावर पिकला, ते वहीत टिपा.

लिहायला देताना परीक्षेतले मुद्देच घ्या: म्हातारा शेतकरी, आळशी मुलं, शेतात धन पुरल्याची थाप, खणाखणी, भरघोस पीक. एरवी तीस वह्यांत तीस वेळा ‘एक आटपाट नगर होते’ येतं. आता अर्ध्या वर्गाला सांगा, धन नाही हे वाचकाला पहिल्या परिच्छेदातच कळू द्या. मग घाम गाळणाऱ्या मुलांची फजिती रंगवता येते: हंडा लागला म्हणून ओरडायचं आणि निघायचा दगड. उरलेल्या अर्ध्यांनी थाप शेवटपर्यंत लपवायची, पण मध्ये एक खूण पेरायची. म्हातारा खाटेवर पडल्या पडल्या मिशीत हसतो, एवढीही पुरे. वह्यांची अदलाबदल करून वाचायला लावा. हसू आलं तिथं समासात ‘ह’, पुढं काय असं वाटलं तिथं प्रश्नचिन्ह, आणि डोळे नुसतेच सरकले तिथं आडवी रेघ. वर्गमित्राची आडवी रेघ बाईंच्या लाल शाईपेक्षा जास्त झोंबते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना हे चटकन जमतं, त्यांना वेताळाकडे पाठवा. विक्रम बोलला की वेताळ झाडावर परत, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं. राजाची अशी कोंडी करून ठेवली की गोष्टीमागून गोष्ट सांगता येते. मुलांना स्वतःच्या पात्रासाठी अशी एक अट शोधू द्या. वाचायला आणखी हवं असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे, 1971 पासूनचं.

पालकसभेत कुणीतरी विचारतंच, ‘नुसती करमणूक? संस्कारांचं काय?’ मी पंचतंत्र पुढं करते. विष्णुशर्म्याला अभ्यासाला न बधणाऱ्या तीन राजपुत्रांना राजनीती शिकवायची होती. त्यानं नियम घोकून घेतले नाहीत. गोष्टीच्या पोटात गोष्ट घातली, म्हणजे पोरं उठून जाणार नाहीत.

परीक्षेत शीर्षक आणि तात्पर्य लिहावंच लागतं, तेव्हा तेही शिकवा. फक्त मुलांना सांगा, ते सगळ्यात शेवटी लिहा आणि एका ओळीत उरका.