डांबरी मिश्रणात टाकाऊ प्लास्टिक सुरक्षितपणे कसे वापरावे

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या सुक्या पद्धतीत प्लास्टिकचा चुरा आधी तापलेल्या खडीवर टाकतात. तो वितळून खडीला पातळ लेप बसला की मग डांबर सोडतात. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची ‘एसपी ९८’ ही २०१३ची मार्गदर्शिका याच पद्धतीची आहे.

खरी जोखीम निवडीत असते. पिशव्या, दुधाची पाकिटे यांसारखे पॉलिइथिलीन चालते. पीव्हीसी मात्र अजिबात नको, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटू शकतो आणि तो मिश्रण बनवणाऱ्या प्लांटवरच्या मजुरांच्या नाकातोंडात जातो. भंगारवाल्याच्या शब्दावर विसंबू नये. चुरा किंचित साबण घातलेल्या पाण्यात नीट ढवळावा: पॉलिइथिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते. तळाशी बसलेला माल सरळ बाजूला काढावा. तरंगलेला चुरा धुऊन पूर्ण वाळवावा, कारण ओलसर चुऱ्याच्या गुठळ्या होतात. तो २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडणारा आणि ६०० मायक्रॉनच्या चाळणीवर राहणारा असावा.

प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. एक टन मिश्रणात ५० किलो डांबर धरले, तर ८ टक्क्यांनी ४ किलो प्लास्टिक आणि ४६ किलो डांबर लागते. अंतिम आकडा अर्थातच मार्शल चाचणीवरून, म्हणजे मिश्रणाची ताकद मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीवरून ठरवावा.

खडी सुमारे १६५ अंश सेल्सिअसला तापवावी. १७०च्या वर जाऊ देऊ नये. बॅच प्लांटमध्ये (जिथे मिश्रण एकेका घाण्याने बनते) चुरा पग मिलमध्ये, म्हणजे मिश्रण घोळवणाऱ्या पात्यांच्या टाकीत, गरम खडीवर सोडावा आणि अर्धा-पाऊण मिनिट घोळवावा. ड्रम प्लांटमध्ये (जिथे फिरत्या पिंपात मिश्रण सलग बनते) तो बर्नरच्या ज्वाळेपासून दूर सोडणे अत्यावश्यक आहे, नाहीतर तो वितळण्याऐवजी जळतो. डांबर टाकण्यापूर्वी मूठभर खडी पत्र्यावर काढून पाहावी: तेल चोळल्यासारखी एकसारखी चकाकी दिसली तर लेप बसला, पांढरट ठिपके किंवा चिकट गोळे दिसले, तर घोळवणे अपुरे पडले आहे किंवा खडी थंड आहे.

मिश्रणाचा नमुना ४० अंश पाण्यात २४ तास ठेवल्यावर खडीवरचे किमान ९५ टक्के डांबराचे आवरण टिकायला हवे. ते टिकले नाही तर प्लास्टिक वाढवत बसू नये. आधी खडीवरची धूळ तपासावी आणि मग खडीच्या वजनाच्या १ ते २ टक्के विरी गेलेल्या चुन्याची भुकटी वापरून पाहावी. ही भुकटी घामेजल्या कातडीला आणि डोळ्यांना भाजते, म्हणून ती हाताळणाऱ्यास गॉगल, हातमोजे आणि मास्क द्यावेत.