‘ब्लेड्स’मधलं घड्याळ डी अँड डीच्या टेबलावर कसं आणायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या पात्रं रंगवून खेळायच्या खेळात लढाईचे नियम भरपूर आहेत, पण वाड्यात गुपचूप शिरायचं म्हटलं की सगळी भिस्त एका रोलवर, म्हणजे एकदा फासा टाकण्यावर. तो हुकला की पहारेकरी जागे आणि तलवारी बाहेर! जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात यावर सुरेख तोड आहे. कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे ४, ६ किंवा ८ भाग पाडायचे आणि गोष्ट पुढे सरकेल तसे ते रंगवत जायचे. याला तिथे घड्याळ म्हणतात.

आधी काय आणायचं नाही ते ठरवा. ब्लेड्समध्ये सहा बाजूंचे फासे टाकून सर्वांत मोठा आकडा धरतात. ते फासे तिथेच राहू द्या. डी अँड डीच्या पात्राचे बहुतेक बोनस वीस बाजूंच्या फाशाला बांधलेले असतात. तो काढून घेतलात, तर खेळाडूने महिनोन्महिने घडवलेलं पात्र एका रात्रीत पांगळं होतं.

मग दोन घड्याळं काढा: ‘तिजोरी गाठली’ ६ भागांचं, ‘पहारा सावध’ ४ भागांचं. रोल डीसी १५ विरुद्ध, म्हणजे बोनस धरून किमान १५ आले तर जमला. जमला तर पहिल्यात २ भाग, डीसीपेक्षा ५ किंवा जास्तीने जमला तर ३. हुकला तर दुसऱ्यात १.

इथे एक खड्डा आहे. मी पहिल्यांदा चौघांनाही वेगवेगळा रोल करायला लावला. चिलखत घातलेला योद्धा दर वेळी हुकत गेला आणि अंगण ओलांडायच्या आतच पहारा सावध झाला. उपाय डी अँड डीतच आहे: गटाने मिळून रोल करायचा, निम्म्यांचा जमला की सगळ्यांचा जमला.

प्रत्येक मंत्राचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो, आणि मला सगळ्यात जास्त मजा यातच येते. ‘नॉक’ या मंत्राने कुलूप हमखास उघडतं, म्हणून रोल न करता २ भाग द्या, पण त्याचा ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो, तेव्हा पहाऱ्याच्या घड्याळातही १ भाग रंगवा. जादूगार तो मंत्र म्हणायच्या आधी बाकीच्यांकडे बघतो की नाही ते पाहा.

घड्याळं टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसतील अशी ठेवा. पहाऱ्याचा शेवटचा भाग रंगला की लगेच दार उघडून शिपायांना आत आणा, आणखी एक रोल देऊ नका.