दुसरा फॉर्म कोण भरणार?

मानसिक आरोग्याच्या सर्वेक्षणात नव्याने येणाऱ्यांची सगळी धास्ती प्रश्नावलीबद्दल असते. प्रश्न नीट विचारता येतील का, लोक खरं सांगतील का. पण प्रश्नावली तयारच हातात येते. तुमच्या गळ्यात पडणारं काम म्हणजे माणसं मिळवणं. त्यातून वेगवेगळ्या समाजांची तुलना करायची असेल, तर माणसं सगळीकडे साधारण एकाच रीतीने मिळालेली असावी लागतात. एका ठिकाणी घरोघर फिरून निवडलेले लोक आणि दुसरीकडे विद्यार्थ्यांनी गोळा केलेले ओळखीपाळखीचे, असं झालं की सरासरीतला फरक समाजांचा की भरतीचा, म्हणजे माणसं मिळवण्याच्या रीतीचा, हे नंतर कुठलीही सांख्यिकी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी काम करतो त्या प्रकारच्या अभ्यासात 18 ते 59 वयाच्या माणसासाठी दोन फॉर्म असतात. व्हरमाँट विद्यापीठातले थॉमस आकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले. ‘अॅडल्ट सेल्फ-रिपोर्ट’ माणूस स्वतःबद्दल भरतो, आणि ‘अॅडल्ट बिहेवियर चेकलिस्ट’ त्याला जवळून ओळखणारं कुणीतरी त्याच्याबद्दल भरतं. गेले 6 महिने डोळ्यासमोर ठेवून प्रत्येक विधानाला 0 (खरं नाही), 1 (थोडंफार खरं) किंवा 2 (अगदी खरं) द्यायचे. पहिल्या फॉर्मची माहिती 29 समाजांतून जमवून त्यावरचा निबंध 2015 मध्ये आला.

खरी कसोटी दुसऱ्या फॉर्मची. तो टाळता येत नाही, कारण माणूस स्वतःबद्दल सांगतो आणि जवळचा माणूस सांगतो त्यात बरंच अंतर पडतं. 2005 मध्ये आकेनबाख यांच्या गटानेच प्रौढांवरच्या जुन्या अभ्यासांची बेरीज मांडली होती. चिंता-उदासीसारख्या आतल्या त्रासांबाबत दोघांच्या उत्तरांतला सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही) सरासरी 0.43 निघाला, व्यसनांबाबत मात्र 0.68. म्हणजे दोघांपैकी एकाला खोटं ठरवायची गरज नसते. दोघांना वेगवेगळं दिसतं.

पण हा दुसरा माणूस आणायचा कुठून? एकटं राहणारे, कामासाठी घर सोडून आलेले, नुकतेच विभक्त झालेले लोक इथे गळतात, आणि नेमकं त्यांचंच सांगणं ऐकायला हवं असतं. काही जण आपल्याबद्दल गोडच बोलेल असा मित्र सुचवतात. म्हणून ‘कुणीतरी द्या’ असं म्हणू नका. जोडीदार, पालक, भावंड, जवळचा मित्र असा क्रम आधीच ठरवा, तो सगळ्या ठिकाणी सारखा ठेवा आणि नातं काय आहे ते फॉर्मवर नोंदवा. संमती दोघांची वेगवेगळी घ्यायची, हे तर आलंच.

नवरा-बायको एकाच टेबलाशी बसले की काय होतं ते एकदा बघून ठेवा. ती स्वतःचा फॉर्म भरते, तो तिच्याबद्दलचा. पाचव्या-सहाव्या विधानाला तो मोठ्याने वाचतो, ‘फार भांडते’, आणि हसतो. तिची पेन्सिल 2 वर टेकलेली असते, ती 1 वर सरकते. तिथून पुढे फॉर्म दोघांनी मिळून भरलेला असतो. वेगळ्या खोल्या नसतील तर वेगळ्या वेळी या. गेल्या 6 महिन्यांत किती दिवस दारूची नशा झाली, या प्रश्नाला तर हे दुप्पट लागू. घरचं माणूस कानाशी असताना आलेल्या शून्यावर माझा फारसा विश्वास नाही.

दार उघडतो तोच सहभागी, हा आणखी एक मोह. दिवसा घरी असणाऱ्यांचाच नमुना मग तयार होतो. घरातल्या प्रौढांची यादी करून त्यातून एकाला निवडायचा तक्ता लेस्ली किश यांनी 1949 मध्येच दिला आहे. तो जड वाटला तर ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला त्याला निवडा. तो संध्याकाळी भेटणार असेल तर संध्याकाळी जा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

नकाराची वही फॉर्मइतकीच जपा. किती दारं ठोठावली, किती बंद होती, किती जणांनी नाही म्हटलं, पहिला फॉर्म देऊन दुसऱ्याला कुठे अडलं. नकार देणाऱ्याचं साधारण वय आणि स्त्री की पुरुष एवढं लिहिलं तरी पुढे विश्लेषण करणारा दुवा देतो. ऑनलाइन आवाहन करून मिळालेल्या नमुन्यात ही वहीच उरत नाही. शिवाय स्वतःच्या मनाची काळजी लागलेले लोक तिथे आधी येतात, आणि गुण आपोआप चढतात.

दारात काय बोलायचं यावर मतभेद आहेत. ‘मानसिक’ म्हटलं की दार बंद होतं म्हणून ‘रोजच्या जगण्याचं सर्वेक्षण’ असं सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. माणूस सातव्या विधानाला थबकतो आणि मग फॉर्म अर्धवट ठेवतो. मी रोजच्या जगण्यापासून सुरू करतो, पण मन आणि वागणं यांचे प्रश्न असतील, त्यातला कुठलाही सोडता येईल, हे पुढच्याच वाक्यात सांगतो. मानधन देणार असाल तर त्याचा आकडा शेवटी सांगा. तो नकार देणं अवघड व्हावं इतका मोठा नको.

वाचता न येणाऱ्यांसाठी विधानं वाचून दाखवावी लागतात. जमलं तर सगळ्यांनाच तसं करा: एक प्रत त्यांच्या हातात, एक तुमच्या. समजावून सांगताना स्वतःचं उदाहरण जोडू नका, विधान तसंच पुन्हा वाचा.

आत्महत्येच्या विचाराबद्दलच्या विधानावर 1 किंवा 2 आले तर फॉर्म पिशवीत टाकून पुढच्या घरी जायचं नाही. ते पान तिथेच, निघण्यापूर्वी बघा. कुणाला फोन करायचा, त्या माणसाला कुठे पाठवायचं, हे भरती सुरू होण्याआधी ठरलेलं आणि तिथल्याच भाषेत छापलेलं असावं. एथिक्स कमिटीही तेच पहिलं विचारते.